घरात भाऊजी, मैदानावर नऊ नंबर

क्लबला बाई कोच मिळाली, ती अध्यक्षांना गाडी मागे घेता येत नव्हती म्हणून.

अध्यक्ष म्हणजे सायकलींच्या दुकानाचे मालक. सगळं आयुष्य दोन चाकांवर गेलेलं. साठीला टेकल्यावर त्यांना चार चाकांची हौस आली आणि ते ब्रेकबाईच्या गाडीत शिकाऊ म्हणून येऊन बसले. ब्रेकबाई हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. मोटार शिकवण्याच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जास्तीचा ब्रेक असतो. तो तिच्याइतका वेळेवर कोणी दाबत नसे, म्हणून गावातल्या अर्ध्या वाहनचालकांनी तिला हे नाव दिलं होतं. उरलेले अर्धे अजून तिच्याकडे शिकायला यायचे होते.

त्या सकाळी अध्यक्ष बाजारामागच्या गल्लीत गाडी मागे घेत होते आणि एकीकडे क्लबचं रडगाणं गात होते. फुटबॉलचा संघ ओळीने सगळे सामने हरला होता. जुन्या कोचने भर मैदानात शिट्टी गटारात भिरकावली होती आणि सामान उचलून लेकीच्या गावी निघून गेला होता. आता संघ खालच्या गटात घसरणार हे ठरल्यातच जमा होतं.

"पोरांमध्ये दमच नाही हो," अध्यक्ष म्हणाले.

"दम चिक्कार आहे. तुमच्या बचावफळीला मागे बघायची सवय नाही. आणि तुम्हालाही नाही. आरसा!"

ब्रेक कचकन लागला. मागे दुधाचा टेम्पो वीतभर अंतरावर उभा होता आणि त्याचा चालक तोंड उघडून यांच्याकडे बघत होता.

अध्यक्षांनी घाम पुसला. "तुम्हाला हो काय ठाऊक बचावफळीचं?"

"गाडी न्यूट्रलला टाका, मग सांगते."

मग तिने सांगितलं. कॉलेजच्या संघात ती स्टॉपर होती, म्हणजे गोलकीपरच्या पुढ्यात उभं राहून येईल त्याला अडवणारी. मुलांचा सराव संपून उजेड जायला लागला की मुलींना मैदान मिळायचं, त्यामुळे अर्धवट अंधारात चेंडू ओळखायची सवय झालेली. पुढे तिने कोचिंगचा कोर्स केला. वर्गात एकटी बाई. पहिल्या दिवशी सगळ्यांनी तिला चहाबद्दल विचारलं, शेवटच्या दिवशी ऑफसाइडबद्दल. गेली कित्येक वर्षं ती शाळेतल्या मुलींना शिकवत होती. शिवाय तिचा सख्खा दीर याच क्लबचा कॅप्टन, त्यामुळे क्लबचा प्रत्येक सामना तिने कुंपणाबाहेर उभं राहून पाहिलेला.

"मग इतकी वर्षं बोलला नाहीत ते?"

"इतकी वर्षं तुम्ही विचारलंत कुठे?"

मागून टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. "बरं बाई, तुम्हीच घ्या तो संघ," ते म्हणाले, "पण आधी मला या गल्लीतून बाहेर काढा."

कमिटीची बैठक सायकलींच्या दुकानाच्या मागच्या खोलीत भरली, टांगलेल्या टायरांखाली. खजिनदारांचा मुद्दा फार नाजूक होता. तो मांडताना त्यांनी दोनदा घसा साफ केला. "बाईमाणूस ड्रेसिंग रूममध्ये जाणार कशी?"

"दार वाजवून," ब्रेकबाई म्हणाली.

"पण हरलो तर लोक हसतील!"

"आत्ता काय गळ्यात पडून रडतायत?" अध्यक्षांनी विचारलं, आणि विषय तिथेच मिटला. हंगाम संपेपर्यंत ती कोच. पुढचं पुढे.

घरी सगळ्यात खूश कोण झाला असेल तर दीर. तो सासूबाईंचं शेंडेफळ. चौकात त्याचं केस कापायचं दुकान होतं आणि त्याच्या स्वतःच्या केसांवर दुकानाची अर्धी जाहिरात चालायची. संघात नऊ नंबरचा शर्ट त्याचा, आघाडीला तोच, कॅप्टनही तोच. हवेतून येणारा चेंडू डोक्याने मारायची वेळ आली की त्याला नेमके केस आठवायचे, पण एवढं सोडलं तर उजव्या पायात जादू होती हे खरं.

"आता काय, घरचाच मामला!" तो जेवता जेवता म्हणाला. "वहिनी, तू फक्त शिट्टी वाजव. बाकीचं मी बघतो."

"बघू हं, भाऊजी," ती म्हणाली आणि त्याला वाढायला लागली. चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या तिच्या नवऱ्याने ताटावरून मान वर करून तिच्याकडे एकदा पाहिलं. बायकोचं "बघू हं" म्हणजे काय असतं हे त्या घरात त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. दहीभाताच्या भानगडीत न पडता तो फक्त पाणी प्यायला आणि उठला.

पहिल्या सरावाला तिने सगळ्यांना गोलात उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितलं. "आता न बघता बोट दाखवा. गोलकीपर कुठे आहे?"

अकरा बोटं अकरा दिशांना गेली. एक तर थेट पाण्याच्या टाकीकडे. गोलकीपर हा बेकरीवाला, अंगाने भट्टीएवढा; त्याला स्वतःलाच हसू आवरेना.

"एवढा मोठा माणूस तुम्हाला सापडत नाही, तर पास कोणाला देणार? उद्यापासून चेंडू पायात येण्याआधी दोन्ही खांद्यांवरून मागे बघायचं. डावा आरसा, उजवा आरसा. मगच गिअर टाकायचा."

"वहिनी, हे मोटारीचं इथे कशाला आणतेस?" दीर हसत म्हणाला.

"मैदानावर वहिनी नाही. कोच म्हण. चल नऊ नंबर, दोन फेऱ्या मार."

दीर दचकलाच. घरात ती त्याला भाऊजी म्हणायची, अहोजाहो करायची. एका फटक्यात भाऊजीचा नऊ नंबर झाला आणि तुम्हीचा तू. बाकीची पोरं बुटांच्या नाड्या बांधायच्या निमित्ताने खाली वाकून हसत होती.

खरी गाठ पडली ती पुढच्या आठवड्यात. चेंडू समोरच्यांकडे गेला की नऊ नंबर कमरेवर हात ठेवून उभा राहायचा, बसची वाट बघितल्यासारखा.

"मागे ये, मदत कर!" ती ओरडली.

"मी स्ट्रायकर आहे, कोच. गोल मारणं माझं काम. मागे धावणं पोस्टमनचं." पोस्टमन म्हणजे संघाचा स्टॉपर. दिवसभर टपाल वाटून वर संध्याकाळी धावणारा.

"गोल तरी मारतोस कुठे? तू उजवीकडेच वळणार हे आता समोरच्या संघाच्या मावश्यांनाही पाठ झालंय. डावा पाय तुला नुसता बूट घालायला दिलाय."

सगळे खो खो हसले. दीर हसला नाही. तिच्या ते लक्षात आलं, थोडं लागलंही मनाला, पण तोंडातून गेलं ते गेलं.

रविवारी सामन्याआधी तिने दार वाजवलं, आतली धावपळ थांबेपर्यंत वाट पाहिली आणि आत जाऊन संघ सांगितला. नऊ नंबर बाकावर. थट्टा असेल असं वाटून दिराने एकदा तिच्याकडे पाहिलं. ती थट्टा नव्हती. त्या दिवशी संघ जिंकला नाही, पण हरलाही नाही. त्या हंगामातली पहिली बरोबरी. बेकरीवाल्याने आनंदाच्या भरात गोलपोस्टला मिठी मारली. कॅप्टन मात्र सगळा वेळ बाकावर टॉवेल डोक्यावर घेऊन बसला होता.

त्या संध्याकाळपासून घरात शिष्टाचाराला ऊत आला. आयुष्यभर तिला अगंतुगं करणारा दीर एकदम आदबीने बोलायला लागला.

"कोचसाहेब, आपली हरकत नसेल तर मीठ सरकवता का?"

"भाऊजी, मैदानावरचं मैदानावर."

"छे छे, आम्ही बाकावरची माणसं. आम्ही काय बोलणार?"

सासूबाईंना तर ती बातमी शेजारणीकडून कळली होती, म्हणजे दुहेरी अपमान. "स्वतःच्या दिराला बाकावर बसवलंस? अगं, परक्याला तरी आपण खुर्ची देतो!"

"आई, तो धावत नाही."

"तो धावत नाही? लहानपणी माझ्या हाताला लागत नव्हता!"

"तेव्हा तुम्ही मागे लागायच्यात."

सासूबाईंनी पदर खोचला. "येते मीच. बघते तुझं मैदान."

आणि पुढच्या सामन्याला त्या खरंच आल्या. घडीची खुर्ची, छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन त्यांनी सीमारेषेला खेटून ठाण मांडलं. लाइन्समनला पळायला जागा उरली नाही, म्हणून त्याने खुर्ची जरा मागे घ्यायची विनंती केली. "तूच जरा आतून पळ," त्या म्हणाल्या. मुलाचा खेळ त्या आयुष्यात पहिल्यांदा बघत होत्या. आजवर त्यांच्यापर्यंत फक्त त्याने सांगितलेले गोल पोचले होते.

मध्यंतरानंतर ब्रेकबाईने त्याला मैदानात उतरवलं. सासूबाई थोडा वेळ टक लावून बघत राहिल्या.

"अगं, तो मधेच उभा का राहतो? पाय दुखतोय का त्याचा?"

"नाही आई. तो चेंडूची वाट बघतोय."

"मग बाकीचे का धावतायत?"

"ते चेंडू आणायला गेलेत."

सासूबाईंनी छत्री मिटली, पुन्हा उघडली. मग हळूच म्हणाल्या, "घरीसुद्धा तसंच आहे बाई. पाण्याचा पेलाही हातात आणून द्यावा लागतो."

गोष्ट इथे थांबली असती तर ठीक होतं. पण रात्रीच्या जेवणाला सासूबाईंनी सगळ्यांसमोर लेकाला विचारलं, "काय रे, तिथे तू नेमकं करतोस तरी काय?" वहिनीचं एक वेळ चाललं असतं, आईचं हे बोलणं त्याच्या वर्मी लागलं. हंगामाच्या मध्यावर खेळाडूंना संघ बदलायची मुभा असे. कालव्यापलीकडच्या संघाचा कॅप्टन केस कापायला त्याच्याच दुकानात यायचा. आठवड्याच्या आत खुर्चीत बसल्या बसल्या, गळ्याला कापड गुंडाळलेल्या अवस्थेत त्याने दिराला पळवलं.

"मी अशा संघात चाललोय जिथे स्ट्रायकरची कदर आहे," दिराने घरात जाहीर केलं.

"जरूर जा," ब्रेकबाई म्हणाली. "फक्त तिथेही स्ट्रायकरला मागे धावायला लावतात का ते विचारून घ्या."

आता दोरीवर दोन रंगांचे शर्ट वाळायला लागले, एक कोचचा आणि एक पलीकडच्या संघातला दिराचा, तिथेही नऊ नंबरचाच. सासूबाई दोन्ही सारख्याच जोराने पिळायच्या, पक्षपात नको. त्याच सुमारास परसातल्या भिंतीचा गिलावा पडायला लागला. ब्रेकबाई शिकाऊंना शिकवून परत यायची तेव्हा रोज खाली नवे पोपडे दिसायचे.

"ओल आलीय भिंतीला," सासूबाई म्हणाल्या.

"या उन्हात?"

"जुनी भिंत आहे. तिला काय ऊन नि काय सावली!"

नवऱ्याने सुटीच्या दिवशी सिमेंट लावून दिलं. दोन दिवसांत तेही पडलं. तो भिंतीकडे बराच वेळ बघत राहिला, मग आईकडे बघितलं आणि चष्मा पुसायला लागला.

इकडे संघाला सूर सापडत होता. पोरं आता चेंडू येण्याआधी माना वळवायची. समोरच्यांना वाटायचं, यांना काय झालंय, मागे कुत्रं लागलंय का? पण पास जागेवर पडायला लागले. एक सामना जिंकले, एक बरोबरीत सुटला, मग आणखी एक जिंकले. खजिनदार रस्त्यात भेटले की आता आपणहून नमस्कार करायचे. शेवटचा सामना उरला तेव्हा हिशेब सोपा होता: बरोबरी झाली तरी संघ वरच्या गटात राहणार, हरला तर घसरणार. आणि सामना कोणाशी? कालव्यापलीकडच्यांशी.

गावात चर्चेला तोटा नव्हता. वहिनी दिराला गोल देणार असं कोणी म्हणे, कोणी म्हणे दीर मुद्दाम चुकवणार. बिचाऱ्या अध्यक्षांनी तर गाडी चालवतानाच विचारलं, "बाई, घरात काही ठरलं नाही ना?"

"ठरलंय. सकाळी अंघोळीला आधी तो जाणार. रस्त्याकडे बघा."

पोस्टमनला तिने बाजूला घेऊन समजावलं. "त्याला मी आतून बाहेरून ओळखते. तो उजवीकडेच वळणार. तू ती वाट बंद कर. डावीकडे मोकळं सोड, तिकडे तो जायचाच नाही."

सामन्याला मैदानाभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. सासूबाईंनी खुर्ची बरोबर मध्यरेषेवर मांडली.

"आजी, तुम्ही कोणाच्या बाजूने?" कोणीतरी खोडसाळपणे विचारलं.

"जो धावेल त्याच्या."

सुरुवात झकास झाली. कॉर्नरवरून आलेला चेंडू पोस्टमनने डोक्याने आत घातला आणि टपाल पोचल्याच्या आरोळ्या उठल्या. नऊ नंबर जिकडे वळेल तिकडे पोस्टमन आधीच उभा. मध्यंतरापर्यंत सगळं ब्रेकबाईच्या मनासारखं.

उत्तरार्धात मात्र तिला काहीतरी खटकायला लागलं. चेंडू तिच्या पोरांकडे आला की नऊ नंबर कमरेवर हात ठेवून उभा राहत नव्हता. तो मागे धावत होता. एकदा तर थेट स्वतःच्या गोलपर्यंत धावत गेला, घसरत पाय घालून चेंडू काढून घेतला, आणि मातीने माखलेले केस न सावरता पुन्हा पुढे सुटला. एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं. समोर पोस्टमन. नऊ नंबरने उजवा खांदा झुकवला, पोस्टमन उजवीकडची वाट अडवायला सरकला आणि नऊ नंबर डावीकडे निसटला.

ब्रेकबाईचा पाय आपोआप जमिनीवर जोरात दाबला गेला. पण तिथे ब्रेक नव्हता. त्याने डाव्या पायाने असा काही फटका मारला की बेकरीवाला हात वर करेपर्यंत चेंडू वरच्या कोपऱ्यात जाळ्याला लागून खालीही आला होता.

"शाब्बास!"

आरोळी खणखणीत होती. सगळा बाक वळून बघायला लागला, कारण ती त्यांच्या कोचच्या तोंडातून आली होती.

अध्यक्ष हळूच जवळ आले. "बाई, तो गोल आपल्यावर झालाय."

"कळतंय मला," ती म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "पण बघितलात कसा मारला?"

पुढचा वेळ जिवाला घोर लावणारा गेला. नऊ नंबर आता दोन्ही पायांचा झाला होता आणि बिचारा पोस्टमन पत्ता हरवल्यासारखा मध्ये. "कोच, कुठून अडवू?" तो ओरडला. घरातलं तिचं सगळं ज्ञान एका फटक्यात जुनं झालं होतं. मग तिने शिकाऊंना चढावर सांगते तेच सांगितलं. "घाई करू नकोस! नुसता समोर उभा राहा, त्याला घाई करू दे!"

शेवटी शेवटी नऊ नंबर पुन्हा चेंडू घेऊन आला. पोस्टमन हलला नाही. नऊ नंबर डावीकडे झुकला, हा हलला नाही. तो उजवीकडे झुकला, हा हलला नाही. नऊ नंबरने वैतागून लांबूनच मारला आणि बेकरीवाल्याने तो पोटाशी असा घट्ट धरला की रेफरीला शिट्टीनंतरही तो मागून घ्यावा लागला. बरोबरी. संघ वरच्या गटात राहिला.

गर्दीतून दीर धावत आला, चिखलाने ओळखू न येणारा. "वहिनी, बघितलंस? डावा पाय नुसता बूट घालायला, काय?"

किती दिवसांनी तो अगंतुगंवर आला होता! तिला हसू फुटलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. "कधी शिकलात हो हे, भाऊजी?"

"तू शिकवायला बाहेर पडलीस की परसात. भिंतीवर."

"भिंतीवर!" ती सासूबाईंकडे वळली. "आणि म्हणे ओल आलीय!"

सासूबाई शांतपणे खुर्चीची घडी घालत होत्या. "त्याने शपथ घातली होती, मी काय करू? पण मी काही त्याला चेंडू आणून दिला नाही हो. पहिल्या दिवशी मारला नि मला म्हणतो, आई, तेवढा दे. म्हटलं, मारलास तू, आण तू. तेव्हापासून धावायला लागलाय."

सबंध हंगाम घसा फोडून ब्रेकबाईला जे जमलं नव्हतं, ते आईंनी ओट्यावर बसून करून टाकलं होतं.

कमिटीत नंतर त्या शाब्बासवर चर्चा झालीच. खजिनदारांनी घसा साफ केला. "कोचने समोरच्या संघाला शाबासकी द्यावी हे कितपत..."

"चांगल्या गोलला चांगला म्हणायला बंदी असेल तर सांगा," ती म्हणाली. "मी शाळेतल्या मुलींकडे परत जाते. तिथे नाही बंदी."

उलट पुढच्या हंगामासाठी तिचंच नाव ठरलं, आणि शाळेतल्या मुलींचा संघही क्लबमध्ये घ्यायचा हे तिने त्याच बैठकीत सगळ्यांकडून वदवून घेतलं. मैदान कोणाला कधी, यावर बराच वाद झाला. शेवटी भर उजेडाची वेळ मुलींना मिळाली.

काही दिवसांनी दारावर टकटक झाली. दिराने दार उघडलं, तर कालव्यापलीकडच्या क्लबची माणसं. त्याला वाटलं आपल्याकडेच आली. त्याने खुर्च्या मांडल्या, पाणी आणलं, तेही स्वतः उठून.

"आम्ही वहिनींना भेटायला आलोय," ते म्हणाले. "आमच्या संघाच्या कोच होतील का, म्हणून."

दिराने पेला तसाच खाली ठेवला. "वहिनी, नाही म्हण! तू तिकडे आलीस तर मी परत बाकावर!"

"घाबरू नका भाऊजी, माझा संघ आहे," ब्रेकबाई हसून म्हणाली आणि पाहुण्यांना नम्रपणे नकार दिला. ते हिरमुसले. जाता जाता एकाने उगीच विचारायचं म्हणून विचारलं, "मग तुमच्या बघण्यात दुसरं कोणी आहे का?"

आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. "रविवारी मी मोकळी असते!"

पाहुणे हसले. सासूबाई काही हसल्या नाहीत. पुढच्या रविवारी त्या खुर्ची घेऊन कालव्यापलीकडे सरावाला हजर झाल्या, आणि त्यांना परत पाठवायची छाती कोणाची झाली नाही. तेव्हापासून रविवारी घर दोन तुकड्यांनी बाहेर पडतं. ब्रेकबाई शिट्टी घेऊन एका दिशेला, मायलेक दुसऱ्या. चष्मेवाला नवरा मागून कुलूप लावतो, किल्ली खिशात टाकतो आणि आज कोणाच्या बाजूने ओरडायचं याचा विचार करत कोपऱ्यावर बराच वेळ उभा राहतो.